सुगंधी तेल आणि पुरुषाचं बीज

(आपल्या लोकसंचालित साधन केंद्राच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका पशुवैद्यक ताईंनी केलेलं हे भाषण. सभेला येऊ न शकलेल्या गटांच्या मागणीवरून ते त्यांच्याच बोलीत छापत आहोत. – संपादक मंडळ)



विषयाचं नाव वाचून दाखवलं तेव्हा मागच्या बाजूला जरा खसखस पिकली, ती मी ऐकली. हसायला हरकत नाही. पण आज जे बोलायचं आहे ते घरात सासूसमोर बोलता येत नाही, नवऱ्यापाशी बोलायची चोरी, आणि डॉक्टरांकडे जावं तर बाहेर वीस माणसं बसलेली. मग बोलायचं कुठं? म्हणून इथं बोलू.

मला बोलवायला दोन कारणं झाली. पहिलं कारण आपल्या केंद्राची गवती चहाचं तेल काढायची टाकी. तिचं तेल घ्यायला एक व्यापारी तयार आहे. पण त्याची अट अशी की या तेलात लवंगेचं आणि ओव्याचं तेल मिसळायचं, लहान बाटल्या भरायच्या, आणि वर ‘पुरुषांसाठी – ताकद व संततीसाठी’ अशी चिठ्ठी लावायची. मग तो दुप्पट भाव देणार. दुसरं कारण, गटांकडून अध्यक्षताईंकडे आलेले निनावी प्रश्न. त्यात एक प्रश्न फिरून फिरून आला आहे: ओव्याचं नाहीतर कडुनिंबाचं तेल आत लावलं तर दिवस राहत नाहीत, हे खरं का?

आता गंमत बघा. व्यापारी म्हणतो, ओव्याच्या तेलानं मूल होईल. प्रश्न विचारणारी म्हणते, ओव्याच्या तेलानं मूल होणार नाही. तेल एकच! आणि दोघांच्याही बोलण्याला कुठंतरी प्रयोगशाळेतल्या खऱ्या कामाचा धागा आहे. नुसती थाप असती तर मी दोन मिनिटांत खाली बसले असते.

मी जनावरांची डॉक्टर. वळूचं रेत तपासणं, गोठवणं हे माझं रोजचं काम. माणसांचं जे सांगणार आहे ते माणसांच्या डॉक्टरांकडून पडताळून घेतलेलं आहे. आणि सुरुवात मी गोठ्यापासूनच करणार, कारण गोठ्यातलं तुम्हाला माझ्याइतकंच कळतं.

गाय माजावर आली की डॉक्टर येतात, कंटेनरमधून कांडी काढतात. त्या कांडीत पाव मिली रेत असतं. उणे 196 अंशाला, द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलेलं. एका कांडीत साधारण दोन कोटी शुक्राणू भरलेले असतात. दोन कोटी! आणि एक शुक्राणू केवढा? शेपटीला डोकं लावून रांगेत ठेवले तर एका मिलिमीटरमध्ये वीसेक बसतील. म्हणजे साध्या डोळ्यांना दिसायचा प्रश्नच नाही.

या शुक्राणूला तीन भाग. डोकं, त्यात बापाकडून येणारा सगळा वारसा. मान, तिथं त्याची बॅटरी. आणि शेपूट, पोहायला. बाकी त्याच्याजवळ काहीच नाही. शरीरातल्या दुसऱ्या पेशींना जखम झाली तर त्या डागडुजी करतात, नवीन माल बनवतात. शुक्राणू तयार झाला की त्याचं हे सगळं कोठार रिकामं केलेलं असतं, म्हणजे पळायला हलका. लांबच्या प्रवासाला फक्त अंगावरच्या कपड्यानिशी निघालेला माणूस म्हणा. कपडा फाटला तर दुसरा नाही.

हा कपडा म्हणजे त्याच्या अंगावरचा पापुद्रा. तो स्निग्ध पदार्थांचा बनलेला असतो, आणि तेही फार नाजूक, मऊ स्निग्धाचा. शेपूट वळवळायची तर पापुद्रा लवचिक हवा ना. पुढचं सगळं या पापुद्र्यावर अवलंबून आहे, म्हणून एवढं लक्षात ठेवा.

आता तेलाकडे येऊ. तेल म्हणजे तेल, असं नाही. घाण्यावर निघतं ते करडईचं, खोबऱ्याचं, कडुनिंबाच्या निंबोळीचं. ते दाबून काढलेलं, बोटाला चिकटणारं, कागदावर डाग ठेवणारं. आपल्या टाकीत वाफेनं निघतं ते वेगळं. गवती चहाचा शंभर किलो पाला टाकीत घातला की अर्ध्या किलोच्या आसपास तेल हाती येतं, हे टाकीवर काम करणाऱ्या ताईंना पाठ आहे. हे सुगंधी तेल, उडून जाणारं. म्हणजे पातेलंभर चहात आपण चार पात्या टाकतो त्याचा आणि या तेलाच्या एका थेंबाचा काही मेळच नाही. पाल्यात जे पसरलेलं होतं ते सगळं इथं एकवटलेलं असतं. गवती चहाच्या तेलात सिट्रल नावाचा घटक सर्वांत जास्त. लवंगेच्या तेलात युजेनॉल. ओव्यात थायमॉल, ज्याचे खडे तुम्ही दुकानात ‘ओव्याचे फूल’ म्हणून बघितले असतील. जिभेवर चिमूटभर ठेवलं तरी चटका बसतो.

हा चटका का बसतो? कारण हे घटक स्निग्ध पदार्थात शिरतात. जंतूंच्या अंगावरही स्निग्ध पापुद्रा असतो, त्यात शिरून ते भोकं पाडतात आणि जंतू मरतात. म्हणून तर दाढ दुखली की लवंगेच्या तेलाचा बोळा, पोट दुखलं की ओवा. आजीबाईंना यामागचं रसायन माहीत नव्हतं, पण अनुभव पक्का होता.

आता जंतूच्या जागी शुक्राणू ठेवा. त्याचाही पापुद्रा स्निग्ध, वर डागडुजीची सोय नाही. काचपट्टीवर शुक्राणू घेतले आणि त्यात ओव्याचं सुगंधी तेल घातलं तर ते थांबतात, मरतात. ओव्याच्या तेलाचं हे काम संशोधकांनी करून 2011 साली छापलं आहे. कडुनिंबाचं तर त्याआधीचं. 1980 च्या दशकात दिल्लीत शास्त्रज्ञांनी निंबोळीचं तेल शुक्राणूंवर घालून पाहिलं, तर अर्ध्या मिनिटात सगळे निपचित. निंबोळीचं तेल घाण्याचं आहे, सुगंधी तेलाच्या जातीचं नाही, पण परिणाम तोच दिसला. गर्भनिरोधक म्हणून त्यावर पुढंही बरंच काम झालं.

म्हणजे निनावी प्रश्न विचारणाऱ्या ताईनं जे ऐकलं ते हवेतलं नाही.

मग व्यापाऱ्याचं काय? त्याचाही धागा दाखवते. शेंगदाणे पावसाळ्यात डब्यात राहिले की खवट होतात. का? त्यातल्या तेलाला हवा लागते, ते बिघडतं. शुक्राणूचा पापुद्रा नाजूक स्निग्धाचा म्हटलं ना, तोसुद्धा असाच खवट होतो. रेत बाहेर काढलं, हवा लागली, थंड केलं, गोठवलं की ही बिघाडाची क्रिया जोरात चालते. माझ्या कामातली निम्मी डोकेदुखी हीच. आता लवंग, रोझमेरी, ओवा यातल्या घटकांचा एक गुण असा की ते खवटपणा लांबवतात. म्हणून जगभर पशुवैद्यक हे तपासत आहेत की रेत पातळ करायच्या द्रावणात, म्हणजे ज्यात आम्ही अंड्याचा बलक, ग्लिसरॉल वगैरे घालतो त्यात, अशा तेलाचा अगदी अंश घातला तर शुक्राणू जास्त टिकतील का. शिवाय या द्रावणात जंतू वाढू नयेत म्हणून प्रतिजैविकं घालावी लागतात, ती कमी करता येतील का, हाही हेतू. इटलीत वराहाच्या रेतावर टी ट्री आणि रोझमेरीचं तेल घालून असे प्रयोग झाले आहेत. कमी मात्रेत शुक्राणूंना त्रास नाही, मात्रा वाढवली की हालचाल मंदावते.

तेव्हा तेच तेल तारतं आणि तेच मारतं. फरक मात्रेचा. आणि ही मात्रा किती बारीक, तर चमच्यात, थेंबात मोजायची नाही. एका मिलिलिटरमध्ये मिलिग्रॅमचा भाग, असा हिशेब चालतो. आमच्याकडे त्यासाठी वेगळी यंत्रं असतात. घरात, टाकीवर, व्यापाऱ्याच्या गोदामात हे मोजणारं काहीही नाही.

पण मात्रा साधली तरी दुसरी अडचण उरतेच. हे सगळं काचेत झालं. काचेतून शरीरात जायला मधे फार मोठी नदी आहे, आणि पुष्कळ चांगली चांगली औषधं त्या नदीत बुडालेली आहेत.

याचा एक मोठा धडा जगानं घेतलेला आहे. नोनॉक्सिनॉल-9 नावाचं एक रसायन. झाडापाल्याचं नाही, कारखान्यातलं. शुक्राणू मारायला बायकांनी आत लावायचं, बऱ्याच देशांत दुकानात मिळायचं. प्रयोगशाळेत दिसलं की ते एड्सचा विषाणूसुद्धा मारतं. सगळ्यांना आनंद झाला, एका दगडात दोन पक्षी. मग आफ्रिकेतल्या काही देशांत आणि थायलंडमध्ये सुमारे 900 स्त्रियांवर चाचणी घेतली. 2000 साली निकाल आला तो उलटा. ज्या स्त्रियांनी ते वापरलं त्यांच्यातच एड्सची लागण जास्त. कारण? जे रसायन विषाणूचा पापुद्रा फोडत होतं, तेच वारंवार लावल्यावर बाईच्या योनीमार्गाचं आतलं नाजूक अस्तरही फोडत होतं. सूज, बारीक जखमा, आणि जखमेतून विषाणूला मोकळी वाट. काचपट्टीवर अस्तर नव्हतं, म्हणून हे तिथं दिसलंच नाही.

ओव्याच्या तेलाचा जिभेला चटका बसतो हे मी मघाशी सांगितलं. मग ते तेल आत लावलं तर काय होईल, याला कुठल्या प्रयोगाची गरज आहे का? भाजतं, सूज येते, पांढरं जाणं सुरू होतं. आणि एवढं सोसून दिवस राहायचे ते राहतातच. कारण काचेत प्रत्येक शुक्राणूला तेल लागतं, इथं लागत नाही. संबंधानंतर काही मिनिटांतच पुढचे शुक्राणू गर्भाशयाच्या तोंडातून वर गेलेले असतात. त्यांना एकच पोचायचा असतो. म्हणून ज्यांनी हा प्रश्न विचारला त्यांना माझं उत्तर: ओवा, लवंग, कडुनिंब, निलगिरी, कुठलंच तेल यासाठी वापरू नका. पाळणा लांबवायचा असेल तर सरकारी दवाखान्यात कॉपर-टी आहे, तीन महिन्यांचं ‘अंतरा’ इंजेक्शन आहे, ‘छाया’ गोळ्या आहेत, निरोध आहे, सगळं फुकट. निरोध वापरत असाल तर त्याच्या जोडीला तेल अजिबात नको, कुठलंही, खोबऱ्याचंसुद्धा. तेलानं रबर कमकुवत होतं आणि फाटतं.

ही झाली बायकांची बाजू. आता पुरुषानं तेल प्यायलं किंवा चोळलं तर?

पिण्याचं बघू. इथं बहुतेक कामं उंदीर, ससे यांच्यावरची आहेत. त्यातलं एक आपल्या अंगणातल्या तुळशीचं. तिच्यातही युजेनॉल असतं. हरियाणात रोहतकच्या वैद्यकीय महाविद्यालयात नर सशांना रोज दोन ग्रॅम तुळशीची ताजी पानं तीस दिवस खायला घातली. 2010 साली ते छापून आलं. सशांच्या शुक्राणूंची संख्या घटली. हे वाचून कोणी उद्या वृंदावन उपटू नका! ससा दोन किलोचा धरला तर साठ किलोच्या माणसाला रोज साठ ग्रॅम पानं झाली. एवढी पानं कोण खातं? काढ्यातल्या चार पानांची ही गोष्ट नाही. आणि ससा म्हणजे माणूस नाही, हेही आहेच.

पण या कामात एक गोष्ट फार विचार करण्यासारखी आहे. त्या सशांचे शुक्राणू घटले, पण रक्तातला टेस्टोस्टेरॉन, ज्याला लोक पुरुषी ताकदीचं हार्मोन म्हणतात, तो वाढलेला होता. बाटलीवर ‘ताकद व संततीसाठी’ असं एका दमात लिहितात ना, तिथं ही खोट आहे. ताकद आणि बीज या दोन गोष्टी. उदाहरण माणसांतलंच. व्यायामशाळेत जाऊन दंड फुगवण्यासाठी काही पोरं टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतात. बाहेरून हार्मोन मिळतंय म्हटल्यावर मेंदू वृषणांना सांगतो, तुमचं काम बंद. शुक्राणू तयार होणं थांबतं. दिसायला पैलवान, आणि तपासणीत शुक्राणू शून्य. इंजेक्शनं बंद केली तरी पूर्वपदावर यायला कित्येक महिने लागतात. तुमच्या घरातला कोणी ‘पावडर आणि इंजेक्शन’ यांच्या नादी लागला असेल तर त्याला हे जरूर सांगा. त्याला हे त्याच्या दुकानदारानं सांगितलेलं नसतं.

चोळण्याचं अजून अवघड. वृषणांवरची कातडी शरीरातल्या सगळ्यांत पातळ कातड्यांपैकी. एका औषधावर मोजून पाहिलं होतं, तर हाताच्या कातडीतून जितकं आत जातं त्याच्या चाळीस पटीहून जास्त या कातडीतून आत गेलं. म्हणजे गुडघ्याला चोळायचं तेल तिथं चोळणं हे गुडघ्याला चोळणं नव्हे. लवंग, ओवा, दालचिनी यांची तेलं तिथं भाजतात, पुरळ येतं. शिवाय असं तेल चोळून वर गरम शेक घ्या म्हणून सांगणारे भेटतात. वृषणं शरीराच्या बाहेर लोंबती का ठेवली आहेत निसर्गानं? शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन ते चार अंश थंडावा लागतो म्हणून. उन्हाळ्यात वळूचं रेत पातळ पडतं, हे आम्ही दर वर्षी बघतो. त्या वळूला आम्ही फवारे लावतो, आणि इथं माणसाला शेक!

लहान मुलांबद्दलही एक सांगून टाकते. अमेरिकेत 2007 साली तीन लहान मुलग्यांची नोंद झाली. वयात यायच्या आधीच त्यांच्या छातीत वाढ दिसली. तिघांच्याही वापरात लव्हेंडर किंवा टी ट्री तेलाचे साबण, मलम, शाम्पू असे पदार्थ होते. बंद केल्यावर काही महिन्यांत छाती पूर्ववत झाली. डॉक्टरांनी पेशींवर तपासलं तर या तेलांचा परिणाम थोडा बायकांच्या हार्मोनसारखा, आणि पुरुषी हार्मोनला अडवणारा दिसला. नंतर बऱ्याच मुलांची पाहणी झाली, तीत असा संबंध आढळला नाही. म्हणजे हा वाद मिटलेला नाही. मी घाबरवत नाहीये. पण ‘झाडापासून काढलंय म्हणजे त्रास नाही’ हे वाक्य आपल्या गटांच्या माहितीपत्रकात परत परत येतं, ते काढून टाका असं माझं स्पष्ट मत आहे. धोतराही झाडच आहे.

मग व्यापाऱ्याचं काय करायचं? निर्णय सभेचा आहे, मी पाहुणी. पण तीन गोष्टी समोर ठेवते. पहिली कायद्याची. 1954 चा औषधे आणि जादूटोणा उपाय कायदा, आक्षेपार्ह जाहिरातींबद्दलचा. लैंगिक ताकद वाढवण्याचा, स्त्रीचं वंध्यत्व घालवण्याचा, गर्भ राहू न देण्याचा दावा औषधाच्या जाहिरातीत करता येत नाही. आणि बाटलीवरची चिठ्ठी हीसुद्धा जाहिरातच. शिवाय अंगाला लावायचं किंवा औषध म्हणून काहीही बनवून विकायचं तर परवाना लागतो, तो आपल्या टाकीला नाही. बाटलीवर नाव गटाचं असणार. पकडलं तर नोटीस व्यापाऱ्याच्या दारात नाही, अध्यक्षताईंच्या दारात येईल.

दुसरी गोष्ट पैशाची. दुप्पट भाव तो तेलाला देत नाही, चिठ्ठीला देतो. आपलं तेल चांगलं आहे, त्यात सिट्रल किती हे तपासून घ्या, आणि तो अहवाल घेऊन साबणवाल्यांकडे, अगरबत्तीवाल्यांकडे जा. तो भाव तेलाचा असेल.

तिसरी गोष्ट मला जास्त लागते. ही बाटली घेणार कोण? ज्या घरात चार वर्षं पाळणा हलला नाही ते घर. तिथली सून उपास करतेय, अंगारे आणतेय, तिची सोनोग्राफी तीन वेळा झालीय, ओटी भरायच्या कार्यक्रमात तिला मागं बसवलं जातंय. नवऱ्याची तपासणी एकदाही नाही. अशा घरात बाटली गेली की आणखी वर्षभर सगळे वाट बघतात. बाटलीनं दुसरं काही बिघडवलं नाही तरी ते वर्ष जातं. तिचं वय तीसचं एकतीस, चौतीसचं पस्तीस होतं. बाईच्या बाबतीत हे एक वर्ष किती महाग असतं ते तुम्हाला माहीत आहे.

गाय दोन-तीनदा उलटली तर आपण काय करतो? गाय तपासतो, आणि कांडी कुठल्या वळूची, कंटेनरमध्ये नायट्रोजन होता का, हेही विचारतो. आमच्याकडे वळू आला की आधी त्याची तपासणी, मग बाकी. रेत नापास झालं तर वळू कामातून बाद, त्याला कोणी नावं ठेवत नाही. माणसांत मात्र कांडीबद्दल विचारायचंच नाही अशी रीत. मूल न होणाऱ्या जोडप्यांत साधारण निम्म्या ठिकाणी पुरुषाच्या बाजूचं कारण असतं, एकटं किंवा बाईच्या कारणाबरोबर. आणि पुरुषाची पहिली तपासणी बाईच्या कुठल्याही तपासणीपेक्षा सोपी, स्वस्त, सुईसुद्धा टोचत नाही.

ही तपासणी कशी करायची ते सांगते, कारण यातही तेल नडतं.

वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, बाई पस्तिशीच्या पुढं असेल तर सहा महिने, की दोघांनी मिळून दवाखान्यात जायचं. वीर्यतपासणी ग्रामीण रुग्णालयात होते का ते आशाताईंना विचारा, नाहीतर तालुक्याला खासगी प्रयोगशाळेत होते. तपासणीआधी किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस संबंध नको. डबी प्रयोगशाळेतूनच घ्यायची, घरची औषधाची बाटली धुऊन चालत नाही. नमुना हातानं घ्यायचा. आणि इथंच मेख आहे: घेताना खोबरेल, साबण, क्रीम, थुंकी, काहीही लावायचं नाही. तेल नि साबण शुक्राणूंचं काय करतात ते आता तुम्हाला कळलंय. चांगल्या माणसाचा अहवाल तेवढ्यानं वाईट येऊ शकतो. साध्या निरोधात घेतलेला नमुनाही चालत नाही. सगळा नमुना डबीत यायला हवा, थोडा सांडला तर लपवायचं नाही, सांगायचं. घरून नेणार असाल तर डबी शर्टाच्या आत अंगाशी धरून, तासाच्या आत पोचवायची. उन्हात मोटारसायकलच्या डिकीत नाही, आणि फ्रिजमध्येही नाही.

अहवालात संख्या लिहिलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तकाप्रमाणे एका मिलीमध्ये 1 कोटी 60 लाख, आणि शंभरात 42 हालणारे, ही खालची रेघ. रेघेच्या खाली आलं म्हणजे मूल होणारच नाही असं नाही, वर आलं म्हणजे होणारच असंही नाही. एकाच अहवालावर कोणाच्याही कपाळावर शिक्का मारू नका. आधी महिन्या-दोन महिन्यांत मोठा ताप येऊन गेला असेल तरी संख्या पडते. शुक्राणू तयार होऊन बाहेर यायला जवळजवळ तीन महिने लागतात. त्यामुळे तंबाखू, दारू सोडली, फवारणीच्या वेळी अंग झाकायला लागला, तर त्याचा फरक आज नाही, तीन महिन्यांनी दिसतो. ‘एकवीस दिवसांत गुण’ म्हणणाऱ्याला हा हिशेब विचारा.

सभेत विचारलेले दोन प्रश्न

एका ताईंनी विचारलं, नवरा तपासणीला तयारच नसेल तर? सोपं उत्तर माझ्याजवळ नाही. पण एक पाहिलं आहे, बायकोनं सांगितलेलं ऐकत नाहीत ते डॉक्टरांनी सांगितलेलं ऐकतात. आधी बाईच्या डॉक्टरांना सांगा की माझ्या पुढच्या तपासण्या यांच्या अहवालानंतर करा. बरेच डॉक्टर हे चिठ्ठीवर लिहून देतात. मग घरात ती चिठ्ठी बोलते.

एका पशुसखीनं विचारलं, गाईला कांडी भरताना आम्ही आधी जंतुनाशकानं जागा धुतो, ते बरोबर का? बाहेरची घाण साध्या स्वच्छ पाण्यानं धुवा आणि कोरड्या कागदानं पूर्ण पुसा. डेटॉलसारखा वासाचा कुठलाही पदार्थ नळीला किंवा आत लागू देऊ नका. कांडी 37 अंशाच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरली की लगेच वापरायची. पाण्याचा अंदाज बोटानं घेऊ नका, थर्मामीटर ठेवा. तो गटाच्या खर्चात बसतो.